अंगण खरोखरच वाकडं होतं

एका मंगळवारी सकाळी ओळंबासाहेबांच्या घरातलं लोखंडी कपाट जागेवरून हललं, असं साहेबांचं ठाम म्हणणं होतं. कपाटाने यावर काही खुलासा केला नाही. पण त्या दिवशी आंघोळ करून येताना साहेबांचा डावा खांदा कपाटाच्या कडेवर असा आपटला, की आतले सगळे हँगर एकदम वाजले.

"अगं, हे कपाट पुढे कुणी ओढलं?"

"कपाटाला पाय आहेत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण अजून चालायला लागलेलं नाही ते."

साहेबांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला जो लोखंडी गोळा बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. शहराच्या बांधकाम खात्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या या गृहस्थांना ते नाव कुणा गवंड्यानेच दिलं होतं. साहेब रस्त्यावर उभे राहून नव्या भिंतीकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "वर अर्धा इंच बाहेर गेलीय." मग गवंडी दोरी सोडायचा, आणि भिंत वर अर्धा इंच बाहेर गेलेली असायची. साहेबांना गाणं येत नव्हतं, भाषण येत नव्हतं, भाजी नीट निवडून आणता येत नव्हती. त्यांच्याकडे नजर होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ती नजर तशीच धारदार असल्याचं ते चहा पिता पिता रोज कुणाला ना कुणाला सांगत.

तर अशा माणसाला कपाट लागलं होतं. दुसरा कुणी असता तर खांदा चोळून गप्प बसला असता. साहेबांनी टेप काढला.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. घर कुठलंही असो, टेप घेऊन त्याच्या मागे लागलं की चूक सापडतेच. माणसांचंही तसंच असतं, पण माणसं टेप लावू देत नाहीत. साहेबांनी कपाट वर मोजलं, खाली मोजलं, तिरकं मोजलं, आणि जमिनीवर पालथे पडून ओरडले, "पाऊण इंच! पाऊण इंच पुढे आहे!" इतका आनंद त्यांना मुलीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

"बावीस वर्षं तिथेच आहे ते," बायको म्हणाली.

"म्हणजे बावीस वर्षं चूक आहे."

त्या रविवारी कपाट समोरच्या भिंतीला गेलं. त्यासाठी पलंग खिडकीखाली गेला, पलंगासाठी टेबल बाहेरच्या खोलीत आलं, आणि टेबलासाठी बाहेरच्या खोलीतल्या दोन खुर्च्या गॅलरीत जाऊन बसल्या. सोमवारी साहेबांचा डावा खांदा न्हाणीघराच्या चौकटीवर आपटला.

चौकट मोजली. डावी बाजू खाली पाव इंच आत निघाली. बुधवारी चहाचा कप पडला. तो टेबलाच्या डाव्या बाजूला, काठापासून चांगला चार इंच आत होता, हेही साहेबांनीच मोजलं. मग फुटक्या कपाकडे पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की टेबलाला उतार आहे. उतार दाखवणारी बुडबुड्याची पाणसळ ठेवली. टेबलाला उतार होता! किंचित, पण होता. आता याला कोण काय करणार? पुरावा मागावा आणि पुरावा मिळावा, अशा दुर्दैवातून माणसाला बाहेर काढणं फार कठीण असतं.

धाकट्या भावाचा दर आठवड्याला फोन यायचा. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि त्याने नुकतंच जिना असलेलं घर घेतलं होतं. साहेबांनी त्याला कपाटाची सगळी कथा ऐकवली.

"दादा, आमच्याकडे पण तेच रे," भाऊ म्हणाला. "जिन्याचा उजवीकडचा कठडा सारखा लागतो. बिल्डरनं वाकडा बांधलाय."

"ओळंबा लावून बघ," साहेब म्हणाले. "अंदाजानं बोलू नकोस. आकडे कळव."

न्हाणीघराचा दरवाजा दुसऱ्या बाजूला घ्यायचा, असं ठरलं. म्हणजे साहेबांनी ठरवलं. सुतार आला, चौकटीवर टकटक करून ऐकलं, एकदा साहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, चौकट ठीक आहे. पाव इंच कुठं नसतं? माझ्या घरात तर चार चार बोटं आहे. आम्ही वाकडे होऊन जातो."

"म्हणूनच तुमची कामं परत करावी लागतात," साहेब म्हणाले. सुताराने हत्यारं गोळा केली.

पण भिंत फोडायची तर परवानगी हवी. घरमालकांच्या संस्थेचं ना-हरकत पत्र हवं आणि खात्याची मंजुरी हवी. साहेबांनी जन्मभर लोकांना नियम दाखवले होते, तेव्हा स्वतःला सूट देणं शक्यच नव्हतं. त्यांनी अर्ज केला, नकाशा जोडला, तीन प्रती काढल्या आणि खात्यात आवक खिडकीवर रांगेत उभं राहून दिला. त्यांच्या भागातले अर्ज तपासणारा तपासनीस एकच होता, त्यामुळे चौथ्या दिवशी तो अर्ज रीतसर त्यांच्याच टेबलावर आला.

त्यांनी तो तपासला. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती.

"काय ही माणसं!" ते शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हणाले, आणि अर्ज शेऱ्यासह परत पाठवला. त्रुटीचं पत्र टपालाने घरी आलं. बायकोने सही करून घेतलं, वाचलं, आणि जेवताना नवऱ्यापुढे ठेवून ती एवढंच म्हणाली, "यांना तुमचा अर्ज पसंत पडला नाही."

"बरोबर आहे त्यांचं," साहेब गंभीरपणे म्हणाले. "चूक माझी आहे."

इकडे इमारतीत वेगळंच शिजत होतं. बांधकाम खात्याचा माणूस पहाटे उठून जिन्याच्या भिंती मोजतोय, चौकटींना पाणसळ लावतोय, खाली उभा राहून वर बघत मान हलवतोय, हे अठरा बिऱ्हाडांनी पाहिलं होतं. खालच्या मजल्यावर एक विमावाले राहत. त्यांनी एका सकाळी साहेबांना जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा. किती दिवस आहेत?"

"कशाला?"

"लोकांत घबराट नको, कळतंय मला. पण कललीय ना?"

"पाऊण इंच तर आहेच," साहेब म्हणाले. ते कपाटाबद्दल बोलत होते.

संध्याकाळपर्यंत इमारत पाऊण इंच कलली होती. दुसऱ्या दिवशी दीड. ज्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता ते लोक खिडकीतून दोरीला कुलूप, किल्ल्यांचा जुडगा, एवढंच काय, इस्त्रीसुद्धा बांधून सोडू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी मुलांचे पलंग 'वरच्या' बाजूला सरकवले. एकाने माहेरी गेलेल्या बायकोला परत येऊ नको म्हणून कळवलं, पण तो म्हणे त्याआधीपासूनच निमित्त शोधत होता. शेवटी सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली.

सेक्रेटरी हे शिस्तीचे आणि मानी गृहस्थ होते. मानी माणूस संस्थेचा सेक्रेटरी झाला की त्याचा मान रोज थोडा थोडा कमी होतो, तसा त्यांचाही होत होता. सभेत त्यांनी साहेबांना मानाने मधल्या खुर्चीवर बसवलं. इमारत सुरक्षित असल्याचं साहेबांनी लेखी द्यावं, म्हणून त्यांनी कागद टंकून आणला होता. तो घेऊन ते साहेबांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी कागद पुढे धरला.

साहेब समोर बघत बोलत राहिले. इमारत उत्तम आहे, मी मोजतो ते माझ्या घरापुरतं, माझ्या नजरेला बारीक चूकही खपत नाही, हा माझा दोष म्हणा हवं तर. सेक्रेटरी कागद धरून उभे. पाच मिनिटं झाली. सेक्रेटरींनी कागद जरा हलवला. सभेत कुणीतरी खुसखुसलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले.

"बरं, कुठं सही करू?" साहेबांनी इकडेतिकडे बघत विचारलं. "सेक्रेटरी कुठं गेले? जबाबदार माणसानं सभेतून असं उठून जाणं बरं नाही."

सेक्रेटरींनी कागद साहेबांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं! इतका गर्व बरा नव्हे, साहेब. माणूस शेजारी उभा असताना नाही बघायचं म्हणजे काय?"

सभेत मोठा हशा झाला. साहेबांचा चेहरा पडला. सेक्रेटरी कुठून उगवले हे त्यांना खरंच कळलं नव्हतं, पण ते सांगणार कुणाला? त्यांनी सही केली आणि ताठ मानेने बाहेर पडले. बाहेर पडताना दाराच्या डाव्या बाजूला ठेवलेल्या चपलांच्या रॅकसकट पडले.

मागच्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं, "मला डोळे दाखवायला जायचंय. सुईत दोरा जात नाही. तुम्ही सोबत चला."

"मी येऊन काय करू?"

"बसा."

डोळ्यांच्या दवाखान्यात बसायच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एक जण उठला की पाच जण हलत. साहेबांनी त्यांचा आराखडा मनातल्या मनात नापास केला. मग नावं पुकारली गेली तेव्हा कळलं की बायकोने दोघांचीही नावं दिली होती. साहेबांनी विरोध केला, पण रांगेत विरोध करणाऱ्याच्या मागे लोक असतात.

तक्ता त्यांनी एका दमात वाचला. शेवटची ओळ वाचली आणि मग तक्त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं. वर सांगितलं, "तक्ता डावीकडे खाली गेलाय." तक्ता खरोखरच डावीकडे खाली गेला होता. त्यांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलत. त्यांनी यंत्रातून साहेबांच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, डोळ्यांतला दाब मोजला, आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता? वडील, आई?"

"छे," साहेब म्हणाले. "वडिलांना म्हातारपणी दिसत नव्हतं, पण ते वयानं."

"कितव्या वर्षी?"

"साठीला आले होते." आपण आता अठ्ठावन्नचे आहोत, हे साहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी लिहून दिली. अंधाऱ्या खोलीत एक पांढरी वाटी ठेवलेली होती, म्हणजे हंड्याएवढी वाटी, आडवी. तिच्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काका, सगळे दिवे दिसत नाहीत कुणालाच. दिसला तरच दाबा."

सगळे दिसत नाहीत, हे वाक्य साहेबांना लागलं. चौतीस वर्षांत ते कुठल्याही परीक्षेत खाली गेले नव्हते. पहिल्या मिनिटातच त्यांनी हिशेब पकडला: दिवा साधारण दर दीड सेकंदाला येतो. मग त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली आणि दर दीड सेकंदाला बटण दाबलं. दिवा दिसो न दिसो, तो येऊन गेला असणारच, आणि आलेल्या दिव्याची नोंद करणं हे तपासनिसाचं कर्तव्य आहे.

यंत्राने कागद बाहेर टाकला. मुलीने तो वाचला आणि संकोचून म्हणाली, "काका, हे... अविश्वसनीय आलंय."

"इतकं चांगलं?"

"नाही. म्हणजे, यंत्र म्हणतंय, या माणसावर विश्वास ठेवता येत नाही. दिवा नसतानाच तुम्ही निम्म्या वेळा दाबलंय."

ज्या माणसाच्या सहीवर निम्मं शहर उभं होतं, त्याच्याबद्दल एका वाटीने असा शेरा द्यावा! साहेबांनी पिशवीतून पाणसळ काढली. हो, ते दवाखान्यात पाणसळ घेऊन आले होते. यंत्राच्या टेबलावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला.

"हे बघा. यंत्रच वाकडं आहे."

मुलीने टेबलाच्या पायाखाली एक घडी केलेला कागद सरकवला. बुडबुडा मधोमध आला. "आता परत करू या का?" तिने विचारलं.

"उद्या बघू," साहेब म्हणाले आणि बाहेर येऊन बायकोच्या शेजारी बसले. पाच खुर्च्या हलल्या.

बायकोने काय झालं ते विचारलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मामंजींची भिंत आठवते?"

शेवटची आठ वर्षं वडील खोलीतून ओसरीपर्यंत भिंतीला हात लावून चालत असत. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला होता. वडील गेल्यावर साहेबांनी स्वतः उभं राहून रंग काढून घेतला होता. तीन हात मारावे लागले होते.

"आपल्या घरातल्या बोळात डाव्या भिंतीवर तसा पट्टा येतोय," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी दर रविवारी पुसते."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही भिंत मोजली असती."

साहेबांना यावर हसू यायला हवं होतं. पण त्यांना भीती वाटली, अगदी स्पष्ट आणि साधी भीती. वडिलांच्या हाताची नखं भिंतीवरून जाताना जो आवाज यायचा तो त्यांना आठवला. बायको दर रविवारी ओलं फडकं घेऊन बोळात का जाते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, याचीही लाज वाटली.

ते उठले. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि मुलीला म्हणाले, "आता खरं दाबतो."

या वेळी त्यांनी मोजलं नाही. पिवळ्या दिव्याकडे बघत बसले. मधून मधून बटण दाबलं, आणि मधून मधून बराच वेळ दाबलंच नाही. त्या न दाबण्याच्या वेळात त्यांना यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. म्हणजे यंत्र काम करत होतं. कुठे तरी दिवे लागत होते.

कागद आला तो डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पसरला. साहेबांनी आयुष्यभर नकाशे वाचले होते, त्यामुळे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. डाव्या डोळ्याच्या नकाशात बाहेरच्या बाजूला मोठा काळा भाग होता, आणि उजव्याच्या नकाशात नाकाकडच्या कोपऱ्यातही काळं चढू लागलं होतं.

"पाडकाम किती झालंय?" त्यांनी विचारलं.

"जे गेलं ते परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तक्ता वाचू शकता कारण मधलं सगळं शाबूत आहे. काचबिंदू कडेनं खात येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. आता थेंब घालायचे, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता. आणि तीन महिन्यांनी इथे यायचं. उरलेलं आपण टिकवू. आणखी दोन वर्षांनी आला असतात तर मला असं म्हणता आलं नसतं."

साहेबांनी नकाशा दोन्ही हातांत धरला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: विश्वसनीय. त्यांनी ते बायकोला दाखवलं.

थेंब घालणं हे वाटलं तितकं सोपं नव्हतं. शंभर फुटांवरची भिंत अर्ध्या इंचाने पकडणाऱ्या माणसाला स्वतःचा डोळा दोन इंचांवरून सापडेना. पहिला थेंब गालावर, दुसरा मिशीत, तिसरा सदऱ्यावर गेला. चौथा बायकोने घातला आणि पुढचेही तीच घालू लागली, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. साहेब सेक्रेटरींच्या घरी गेले, त्यांच्या उजवीकडे न बसता मुद्दाम समोर बसले, आणि सगळं सांगून माफी मागितली. सेक्रेटरी गहिवरले. मग त्यांनी ती माफी लेखी मागितली, कारण शेवटी ते सेक्रेटरी होते.

दाराचा अर्ज साहेबांनी स्वतःच निकाली काढला: 'अर्जदारास गरज उरलेली नाही.' रविवारी सुतार कपाट परत लावायला आला.

"सरळ लावू का, साहेब? की होतं तसं?"

"होतं तसं," साहेब म्हणाले. "पाऊण इंच पुढे. आता मला माहीत आहे ते तिथे आहे." बायकोने कपाटाच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली होती. तिच्याकडे मान वळवून बघत ते पलीकडे गेले. खांदा लागला नाही.

सुतार खिळे गोळा करत होता तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ होता. एकदम उत्साहात.

"दादा! लावला ओळंबा! तू म्हणालास ते बरोबर निघालं. जिना वरच्या पायरीला एक इंच वाकडा आहे. उद्या सकाळी गवंडी येतोय, उजवीकडचा कठडाच पाडून टाकतो."

साहेबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. त्यांची नजर बोळातल्या डाव्या भिंतीकडे गेली. रविवार होता, आणि भिंत अजून पुसायची राहिली होती.

"गवंड्याला येऊ नको म्हणून सांग," ते म्हणाले.

"का? एक इंच फरक आहे, दादा! मी स्वतः मोजलाय!"

"असेल," साहेब म्हणाले. "जिना वाकडाच असेल. तू उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि तिथे एक पांढरी वाटी असते, तिच्यात तोंड घालून बसवतील. दिवा दिसला तरच बटण दाब. ऐकतोयस ना? दिसला तरच."